दहा टनांची होडी आणि माझा पाय

मी बारा वर्षांची असेन तेव्हा. मामासोबत धक्क्यावर उभी होते, पाणी एकदम शांत, आणि समोर दोरीनं बांधलेली एक मोठी लाकडी होडी, रिकामी. नावाडी म्हणाला हिचं नुसतं वजनच दहा टन आहे. मामा म्हणाला, "ढकलून बघ." मला वाटलं चेष्टा करतोय, कारण घरातलं पुस्तकांचं कपाट मला तसूभर हलत नव्हतं आणि इथे दहा टन. तरी कडेला बसले, दोन्ही हात फळीवर टेकवले आणि जोर लावला. एक सेकंद गेला, दोन गेले, काहीच नाही. मी हात काढायला निघाले तर मामा म्हणाला, "थांब गं, सोडू नकोस, लावून ठेव जोर." आणि मग होडीची फळी आणि धक्क्याचा दगड यांच्यामध्ये पाण्याची एक काळी रेघ दिसायला लागली. आधी दोऱ्याएवढी, मग बोटाएवढी, मग पंजाएवढी, शेवटी माझे हात पूर्ण ताणले गेले आणि मी ते काढून घेतले तरी होडी आपली चाललीच होती, सावकाश, आवाज न करता.

पुढे दोरी ताणली गेली, होडी क्षणभर थबकली आणि तितक्याच संथपणे परत यायला लागली. मी निवांत होते. जी मी स्वतःच्या हातानं ढकलली ती मीच पायानं थांबवीन, एवढं सरळ गणित डोक्यात, म्हणून टाच दगडाला टेकवून पाय पुढे केला. तेवढ्यात नावाडी जिवाच्या आकांतानं ओरडला, "ए पोरी! पाय घे मागं! पाय घे आधी!" आणि धावत येऊन त्यानं कडेला लटकवलेला जुना टायर मधे सोडला. मी पाय ओढून घेतला आणि होडी टायरला लागली. टायर चपटा झाला, रबर करकरलं, फळ्यांमधून एक खोल धप्प असा आवाज आला आणि धक्क्याचा दगड माझ्या हाताखाली हादरला. रांगतं बाळ यापेक्षा जास्त स्पीडनं जातं, इतकी हळू होती ती होडी, आणि तरी तो आवाज असा होता की माझ्या पोटात गोळा आला.

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी शाळेत जडत्वाचा धडा आला, म्हणजे वेग किंवा दिशा बदलायला विरोध करण्याचा वस्तूचा गुण. विराम अवस्थेतलं जडत्व, गतीचं जडत्व, दिशेचं जडत्व असे तीन प्रकार, प्रत्येकाचं एक उदाहरण, सगळं पाठ केलं, पेपरात लिहिलं, मार्क मिळाले. आणि खरं सांगते, ती होडी मला एकदाही आठवली नाही. धड्यातलं जडत्व वेगळं आणि माझ्या पायावर येणारी होडी वेगळी, असंच डोक्यात राहिलं कितीतरी वर्षं.

याला थोडा तो शब्दही कारणीभूत आहे असं मला आता वाटतं. आपण "जड" कशाकशाला म्हणतो बघा. पिशवी जड, डोकं जड झालं, जेवण जड झालं, निरोप घेताना पाय जड झाले, अमुक एक गोष्ट जड जातेय. आणि चैतन्याच्या उलट ते जड. म्हणजे वजनदार, सुस्त, निर्जीव, हलायला तयार नसलेलं. त्यामुळे जडत्व म्हटलं की डोळ्यासमोर एक आडवा पडलेला दगड येतो, धावणारी रेल्वे येत नाही. खरं तर धावणाऱ्या रेल्वेतही तेवढंच जडत्व असतं जेवढं उभ्या रेल्वेत. लोकांना हे सांगितलं की ते मान हलवतात पण पटलेलं नसतं, मलाही नव्हतं पटलं.

गंमत म्हणजे हा घोळ फक्त आपल्या भाषेतला नाही. ज्या लॅटिन शब्दावरून हे सगळं आलं तो इनर्शिया, त्याचा अर्थही आळस, निष्क्रियता असाच, आणि पदार्थाच्या या गुणाला तो शब्द वापरला केप्लरनं, ग्रहांच्या बाबतीत. त्याची समजूत अशी होती की ग्रह स्वभावतः आळशी आहेत, सूर्याकडून येणारा जोर त्यांना फिरवतोय, तो जोर गेला की ग्रह असतील तिथे थांबतील. म्हणजे ग्रहांच्या कक्षा ज्यानं इतक्या अचूक मांडल्या त्या माणसानंही हा शब्द आज आपण ज्याला चूक म्हणतो त्याच अर्थानं वापरला. मग न्यूटननं शब्द तोच ठेवला आणि आतला अर्थ बदलला. शब्दातला आळस मात्र तसाच चिकटून राहिला, मराठीत येईपर्यंत.

ढकलणं थांबवलं की वस्तू थांबते, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. खुर्ची सरकवा, हात काढा, थांबली. सायकल, पॅडल मारणं बंद, थोड्या वेळानं थांबली. दिवसाला शंभर वेळा हाच अनुभव. त्यामुळे अ‍ॅरिस्टॉटलनं जेव्हा सांगितलं की गती टिकवायला काहीतरी सतत ढकलत असायला लागतं, तेव्हा त्यानं आपल्या सगळ्यांच्या हाताचा अनुभवच लिहून ठेवला, मला त्याला नावं ठेवाविशी वाटत नाहीत. त्याची अडचण झाली बाणाशी. धनुष्यातून सुटल्यावर बाणाला कोण ढकलतंय? तर म्हणे हवा ढकलते. हे फार लोकांना खटकलं. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसनं त्यावर कडक टीका केली, आणि चौदाव्या शतकात पॅरिसच्या ब्युरिडाननं धार लावायच्या चाकाचं उदाहरण दिलं, जे मला फार आवडतं. चाकाला एकदा गती द्या, हात काढा, ते फिरतच राहतं, आणि जागच्या जागी फिरतं, मग त्याच्या मागून हवा शिरून ढकलायला जागाच कुठे आहे? त्याचं म्हणणं होतं की ढकलणारा त्या वस्तूत काहीतरी घालतो, आणि ते किती, हे वस्तूत पदार्थ किती आणि वेग किती यावर ठरतं. आजचा संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, त्याच्या अगदी दाराशी येऊन उभा होता हा माणूस.

गॅलिलिओचं मला सगळ्यात जास्त काय आवडतं तर त्याच्या त्या दोन घसरगुंड्या. समोरासमोर दोन उतार ठेवायचे, एकावरून गोळी सोडायची, ती दुसऱ्यावर जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत चढते. आता दुसरा उतार थोडा कमी तिरका करा, तीच उंची गाठायला गोळीला जास्त लांब जावं लागतं. अजून कमी करा, अजून लांब. आणि पूर्ण सपाट केला तर? उंची येणारच नाही, म्हणजे गोळी थांबायचं कारणच उरत नाही. इथे त्यानं मनातल्या मनात घर्षण पुसून टाकलं, आणि आयुष्यभर ज्या गोष्टीनं सगळ्यांना फसवलं ती हीच होती, घर्षण. खुर्ची आपोआप थांबत नव्हती, जमीन तिला थांबवत होती. फक्त जमीन ते काम इतक्या गुपचूप करते की आपण तिला हिशोबात धरतच नाही.

मी कॉलेजात असताना एकदा हे सगळं एका संध्याकाळी डोक्यात एकदम जुळलं, आणि पहिली आठवण आली ती होडीची. कपाट का हललं नाही आणि होडी का हलली याचं उत्तर माझ्याकडे दहा वर्षं पडून होतं. कपाटाला जमीन धरून ठेवते. तुमचा जोर एका हद्दीच्या खाली असेल तर जमीन तेवढाच उलटा जोर लावते आणि कपाट ढिम्म. ती अडवणूक घर्षणाची आहे, जडत्वाची नाही. शांत पाण्यात असं पकडून ठेवणारं कुणी नसतं. आणि जडत्वाला अशी हद्द नसतेच मुळी. कितीही मोठी वस्तू असू दे, अडवणारं दुसरं काही नसेल तर बोटभर जोरानंही तिचा वेग बदलतो. किती बदलतो, हाच काय तो प्रश्न.

तेव्हा वहीच्या मागच्या पानावर जे गणित केलं ते इथे मांडते, कारण मला यातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं. बल, म्हणजे जोर, मोजायचं एकक न्यूटन; हातावर १०० ग्रॅमचं वजन ठेवलं की जाणवतं ते साधारण १ न्यूटन. १२ वर्षांची मुलगी जोर लावून ढकलतेय, धरूया १०० न्यूटन, म्हणजे १० किलो उचलायला लागतो तेवढा जोर. होडी १० टन, म्हणजे १०,००० किलो. बल भागिले वस्तुमान म्हणजे त्वरण, १०० भागिले १०,०००, उत्तर ०.०१. याचा अर्थ दर सेकंदाला होडीचा वेग सेकंदाला १ सेंटिमीटरनं वाढणार. पहिल्या सेकंदात होडी अर्धा सेंटिमीटर सरकली, मला काय दिसणार? म्हणून "काहीच नाही" वाटलं. पण १० सेकंद जोर लावून ठेवला तर वेग होतो सेकंदाला १० सेंटिमीटर आणि अंतर होतं ५० सेंटिमीटर, बरोब्बर माझ्या हाताची पोच. मामा "सोडू नकोस" म्हणाला ते यासाठी. होडी पहिल्या क्षणापासून माझं ऐकत होती, मीच अधीर होते.

आता परतीचं. पाण्यानं आणि दोरीनं काही वेग खाल्ला असणार, पण हिशोबासाठी धरू की होडी तेवढ्याच वेगानं परत आली, सेकंदाला १० सेंटिमीटर. मी तिला हा वेग द्यायला १०० न्यूटन जोर अर्ध्या मीटरभर लावला होता. आता तोच वेग काढून घ्यायचाय, पण टाच दगडाला टेकलेली, पाय ताठ, मागे सरकायला जागा किती? फार तर १ सेंटिमीटर. अंतर ५० पट कमी म्हणून जोर ५० पट जास्त. ५,००० न्यूटन. म्हणजे माझ्या पायाच्या हाडांवर अर्ध्या टनाचा भार. मी दिलेलंच मला परत मिळणार होतं, एक कणही जास्त नाही, फक्त १० सेकंदांत दिलेलं सगळं एका क्षणात. आणि टायर? टायर १० सेंटिमीटर दबला असेल तर त्याच होडीला थांबवायला ५०० न्यूटन पुरले. नावाड्यानं हे कधी वहीवर केलं नसेल. त्याला माहीत होतं. त्याच्या ओरडण्यात हे पूर्ण गणित होतं आणि माझा पाय आज धड आहे तो त्या माणसामुळे.

बल जास्त तर वेगातला बदल जास्त, वस्तुमान जास्त तर तोच बदल कमी. हा नियम असलेलं न्यूटनचं पुस्तक छापलं गेलं १६८७ साली. आपण आज ज्या रूपात हे सूत्र लिहितो, बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, ते इतकं सुटसुटीत करून मांडलं पुढच्या शतकात ऑयलर या गणितज्ञानं. पण मुख्य बदल सूत्रात नव्हता असं मला वाटतं, प्रश्नात होता. दोन हजार वर्षं लोक विचारत होते की वस्तू चालू कशामुळे राहते. आता प्रश्न झाला की तिचा वेग किंवा दिशा बदलते कशामुळे. चालू राहण्याला कारण लागतच नाही. यात "सरळ रेषेत" हे शब्द ठामपणे आणले देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानं १६४४ मध्ये, आणि ते महत्त्वाचे आहेत, कारण वळणं हाही बदलच. गोफणीतून दगड सुटतो तो फिरण्याच्या बाहेरच्या बाजूला उडत नाही, सुटल्या क्षणी ज्या दिशेनं चालला होता त्याच दिशेला सरळ जातो. चंद्राचंही तेच. सेकंदाला साधारण १ किलोमीटर वेगानं तो सरळ जायला बघतोय आणि पृथ्वी त्याला प्रत्येक क्षणी थोडंथोडं आपल्याकडे वळवतेय. ती नसती तर तो थांबला नसता, निघून गेला असता.

एकदा हे डोक्यात बसलं की रोजची भाषा खटकायला लागते. बसमध्ये उभे असताना ब्रेक लागला की आपण म्हणतो "मी पुढे फेकले गेले". कुणी फेकलं? मागून हात लावणारं कुणीच नव्हतं. बस थांबली, बसच्या फरशीनं घर्षणानं माझे पाय थांबवले, आणि कमरेच्या वरचा भाग ज्या वेगानं चालला होता त्याच वेगानं चालत राहिला कारण त्याला अजून कुणी थांबायला सांगितलंच नव्हतं. मग दांडी पकडलेल्या हातानं ते काम केलं, खांद्याला हिसका बसला. तो हिसका हेच खरं बल, आणि ते मागच्या दिशेला होतं! आपल्याला जे पुढे ढकलल्यासारखं वाटतं ते ढकलणं नाहीच. वळणावरही तसंच. गाडी डावीकडे वळली की मी उजव्या दाराकडे ढकलली जाते असं वाटतं, प्रत्यक्षात मी सरळ जात असते आणि दार माझ्याकडे येतं. मी पुढे कितीतरी दिवस बसमध्ये मुद्दाम हे अनुभवत उभी राहायचे, डोळे मिटून, कुठलं बल खरं आणि कुठलं नुसतं वाटतंय ते ओळखत.

आणि वेग बदलत नसेल तर? मग काहीच जाणवत नाही. गॅलिलिओनं १६३२ च्या पुस्तकात जहाजाच्या बंद खोलीचं वर्णन केलंय, आत माश्या-फुलपाखरं उडतायत, टांगलेल्या भांड्यातून पाणी थेंबथेंब खालच्या भांड्यात पडतंय, आणि जहाज उभं आहे की एकसारखं चाललंय हे आत बसून कळूच शकत नाही. काही वर्षांनी, १६४० मध्ये, गासेंदी या फ्रेंच तत्त्वज्ञानं फ्रान्समधल्या मार्सेल बंदरात खरोखरच एका चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड टाकून पाहिले आणि ते डोलकाठीच्या पायथ्याशीच पडले, मागे राहिले नाहीत. दगड हातातून सुटला तरी जहाजाचा वेग त्याच्याजवळ होताच. हे वाचताना तुम्ही स्थिर बसला असाल, आणि पृथ्वी तुम्हाला घेऊन सूर्याभोवती सेकंदाला जवळपास ३० किलोमीटरनं चाललीय. कपातला चहाही हलत नाही.

वस्तुमान आणि वजन यांचा घोळ मात्र मला जास्त दिवस छळला. दोन्ही आपण किलोत सांगतो हेही त्याला कारण. माझ्यासाठी तो सुटला तो स्कायलॅबमधल्या एका खुर्चीची माहिती वाचून. १९७३ साली अमेरिकेच्या त्या अंतराळ स्थानकात अंतराळवीर राहत होते, आणि त्यांचं शरीर किती झिजतंय हे बघायचं होतं. पण तिथे वजनकाट्यावर उभंच राहता येत नाही, माणूस तरंगतोय आणि काटाही तरंगतोय. मग त्यांनी काय केलं, तर स्प्रिंग लावलेली खुर्ची. अंतराळवीरानं त्यात अंग आवळून बसायचं, खुर्ची सोडली की ती मागेपुढे झुलते, आणि एका झोक्याला किती वेळ लागतो ते मोजायचं. माणसात पदार्थ जास्त तर झोका सावकाश, कमी तर झोका पटपट. वजन जाणवायला काहीच शिल्लक नाही आणि तरी त्या माणसाचं वस्तुमान तिथे पूर्णच्या पूर्ण आहे, हलवायला गेलं की हजर. मला हे वाचून अंगावर काटा आला होता. म्हणजे मी कुठेही गेले, चंद्रावर, दोन ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत, माझं वजन बदलेल, नाहीसं होईल, पण मला हलवायला किंवा थांबवायला लागणारा जोर तेवढाच राहील. तरंगणारी दहा टनांची पेटी तिथेही माझा पाय चिरडू शकते.

आणि मग याच्यापुढचं, ज्याच्याशी मी अजूनही थांबते. हे दोन गुण, एक म्हणजे पृथ्वी वस्तूला किती जोरात ओढते आणि दुसरा म्हणजे वस्तू वेग बदलायला किती विरोध करते, हे एकमेकांशी इतके तंतोतंत का जुळतात? दुप्पट जड वस्तूला पृथ्वी दुप्पट ओढते, पण ती वस्तू दुप्पट विरोधही करते, म्हणून दोन्ही सारख्याच वेगानं पडतात. २ ऑगस्ट १९७१ ला चंद्रावर डेव्हिड स्कॉट या अंतराळवीरानं एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरून दोन्ही एकदम सोडले, हवा नसल्यामुळे दोन्ही एकाच वेळी जमिनीला लागले. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिलाय याला गणती नाही. पण त्याच्याही कितीतरी आधी न्यूटननं घरबसल्या हे तपासलं होतं. दोन सारख्या लाकडी डब्या, ११ फुटांच्या दोऱ्यांना टांगलेल्या, एकीत लाकूड आणि दुसरीत आळीपाळीनं सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, पाणी, गहू, वजन नेमकं तेवढंच. दोन्ही झुलवल्या आणि त्या बराच वेळ बरोबरीनं झुलत राहिल्या. हजारातल्या एका भागाचा फरक असता तरी आपल्याला कळला असता, असं त्यानं लिहून ठेवलंय. सोन्याशेजारी गहू झुलवणारा न्यूटन मला त्या झाडाखालच्या न्यूटनपेक्षा फार जवळचा वाटतो.

पुढे आइन्स्टाइनला १९०७ मध्ये हेच सुचलं की वरून पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवणार नाही, आणि त्यातून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत उभा राहिला. मायक्रोस्कोप नावाच्या फ्रेंच उपग्रहानं २०१६ पासून दोन वर्षं टायटॅनियम आणि प्लॅटिनमचे तुकडे पृथ्वीभोवती पडत ठेवून तुलना केली, निकाल २०२२ ला आला. एकावर १५ शून्यं एवढ्या भागांतल्या काही भागांपर्यंत बघूनही फरक सापडला नाही.

हे सगळं माझ्यासाठी आवडीचं वाचन होतं, जोपर्यंत ताईचं बाळ आलं नव्हतं.

बाळ वर्षाचं झालं, १० किलोचं, गुटगुटीत, आणि ताई गाडीत पुढच्या सीटवर त्याला मांडीवर घेऊन बसायची. मी म्हटलं, "ताई, मांडीवर नको गं, त्याची सीट लावूया मागे." ती म्हणाली, "अगं पण तो रडतो त्यात. आणि मी घट्ट धरते ना, माझ्यापेक्षा घट्ट कोण धरणार आहे त्याला?" यावर मला पटकन उत्तर देता येईना, कारण ती खरं बोलत होती, तिच्यापेक्षा घट्ट कुणीच धरणार नव्हतं. रात्री मी कागद घेतला. गाडीचा वेग ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, फार नाहीच. समोर काहीतरी आलं आणि गाडीचं नाक चेपून अर्ध्या मीटरमध्ये गाडी थांबली. म्हणजे वेग कमी होण्याचा दर सेकंदाला २२५ मीटर प्रति सेकंद, पडणाऱ्या वस्तूच्या २३ पट. बाळ १० किलो, म्हणून बाळाला तिच्या छातीशी धरून ठेवायला लागणारं बल २,२५० न्यूटन. २३० किलोचं वजन हातांवर एकदम आल्यासारखं, आणि हे सगळं सेकंदाच्या पंधराव्या भागात, म्हणजे हातांना कळायच्या आधीच संपलेलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर तो कागद ठेवला. समजावताना मला होडीची गोष्ट सांगावी लागली, टायरसकट. ती बराच वेळ त्या २३० च्या आकड्याकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी कितीही प्रेमानं धरलं तरी." वाक्य पूर्ण केलं नाही तिनं. मी म्हटलं, ताई, अगं यात तुझ्या धरण्याचा दोषच नाही, माणसाचे हात यासाठी बनलेलेच नाहीत, पहिलवानाचेही नाहीत. मग तिला पट्ट्याचं सांगितलं, की तो बाळाला गाडीशी बांधतो, म्हणजे गाडीचं नाक चेपताना जे अर्धा मीटर अंतर मिळतं ते बाळालाही मिळतं, नाहीतर गाडी थांबून झाल्यावर बाळ १५ मीटरच्या वेगानं पुढे जातच राहील आणि त्याला थांबवणारी वस्तू असेल काच किंवा डॅशबोर्ड, जे फार तर काही सेंटिमीटरच देतात. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा आजचा तीन टोकांचा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिननं बनवला आणि कंपनीनं त्याचं पेटंट सगळ्यांना वापरायला मोकळं ठेवलं. मला हे वाचलं तेव्हा त्या लोकांबद्दल मनापासून कृतज्ञ वाटलं होतं, अजूनही पट्टा लावताना कधीकधी वाटतं.

सीट आली. पहिले चार दिवस बाळ रडला, भरपूर रडला, ताईचेही डोळे भरले. पाचव्या दिवशी झोपला.

त्यानंतर महिनाभरात कधीतरी आम्ही रात्री परत येत होतो, भाऊजी गाडी चालवत होते, ताई पुढे, मी मागे बाळाशेजारी. एक कुत्रा एकदम रस्त्यात आला आणि भाऊजींनी करकचून ब्रेक मारला. माझा पट्टा छातीवर आवळला गेला, ताईचा हात आपोआप मागे गेला, बाळाचं डोकं थोडं पुढे झुकून परत सीटला टेकलं, त्यानं ओठ हलवले आणि झोपेतच राहिला. कुत्रा पलीकडे गेला. गाडी पूर्ण उभी होती, कुणी काही बोलत नव्हतं, आणि माझ्या बाजूला ठेवलेली पाण्याची भरलेली बाटली दोन सीटच्या मधून जाऊन पुढे डॅशबोर्डवर आपटली होती आणि खाली ताईच्या पायाशी अजून गोल गोल फिरत होती.